सरकारी दप्तरांतील निंदावचनें : वनांच्या चळवळींविषयींच्या कागदांची परीक्षा

ऐतिहासिक पत्राच्या मायन्यावरून कोणी इतिहास लिहीत नाहीं. पत्रारंभीं ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत’ असें असलें, म्हणून पत्र घेणाऱ्याच्या घरीं लक्ष्मी खरोखरच अखंड नांदत होती, असें अनुमान काढणारा संशोधक आपल्यांत उपहासासच पात्र होईल. मायना हा लेखणीचा धर्म आहे, ज्यास पत्र लिहिलें त्या पुरुषाचा नव्हे, हें आपण पहिल्या दिवसापासून शिकतों. परंतु अर्वाचीन सरकारी दप्तर हातीं घेतांना हीच सावधगिरी आपण बाजूस ठेवितों. जंगलें, कुरणें व नद्या राखण्यासाठीं, किंवा त्यांवरील आपली वहिवाट राखण्यासाठीं, लोक जेव्हां जेव्हां सरकारास आडवे आले, तेव्हां तेव्हां सरकारी लेखणींतून त्यांच्याविषयीं कांहीं ठराविक शब्द उतरले. ते शब्द पुढें जिल्ह्यांच्या वृत्तांतांत आणि चरित्रांत घटनेचें वर्णन म्हणून जसेच्या तसे घेतले गेले. ते वर्णन नसून मायने आहेत, आणि मायने म्हणूनच वाचले पाहिजेत, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

या मायन्यांचे प्रकार तीन. ‘लोक अज्ञान आहेत, त्यांस स्वतःचें हित समजत नाहीं’ हा पहिला. ‘ते आपण होऊन उठले नाहींत, बाहेरच्या कोणीं तरी त्यांस चिथावलें’ हा दुसरा. ‘सरकार करीत आहे तें सर्वांच्या हिताचें आहे, सबब विरोध म्हणजे सर्वांचा द्रोह’ हा तिसरा. राज्यकर्ते बदलले, दप्तराची भाषा इंग्रजीची मराठी झाली, तरी हे तीन मायने बदललेले नाहींत.

परंतु विरोध करणाऱ्या माणसास नांव ठेवण्यापूर्वीं भूमीस नांव द्यावें लागतें, यास्तव प्रथम तें पाहूं. १८५३ सालीं नागपूरचें राज्य खालसा झालें व १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला. पुढें जमाबंदीच्या वेळीं मालगुजारांस गांवांची मालकी देतांना, ठराविक प्रमाणाबाहेरची बिनलागवडीची जमीन ‘जादा पडीत’ ठरवून सरकारनें आपल्याकडे ठेविली, व तीच पुढें सरकारी जंगलें झाली. ‘पडीत’ या शब्दाकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. त्या जमिनींत गांवचीं गुरें चरत होतीं. तेथून मोहाचीं फुलें, चारोळी, तेंदूचीं फळें, जळण व घरास लागणारा बांबू येत होता. दप्तरांत मात्र ती पडीत. त्यानंतर १८६५, १८७८ व १९२७ या सालचे जंगलचे कायदे झाले. १८७८ च्या कायद्यानें राखीव जंगलें, संरक्षित जंगलें व ग्रामवनें असे वर्ग पाडले, आणि राखीव जंगलांत परवानगीवांचून जवळ जवळ सर्वच निषिद्ध झालें. काल जी वहिवाट होती ती आज सवलत झाली, आणि सवलत न मागतां केलेली तीच क्रिया उद्यां गुन्हा झाली. कुऱ्हाड तीच, गवत तेंच, माणूसही तोच. बदलला तो केवळ शब्द.

शब्दानें भूमि कशी हलते याचें ताजें उदाहरण आमच्याच विभागांत आहे. पूर्व विदर्भांतील ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदलेल्या जमिनी महसूल खात्याच्या आणि वनखात्याच्या दप्तरांमध्यें दीर्घकाळ तरंगत राहिल्या होत्या. २२ मे २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्या वनच होत असा निर्णय दिला. याच न्यायालयानें १९९६ च्या डिसेंबर महिन्यांत ‘वन’ हा शब्द कोशांतील अर्थानें घ्यावा असें सांगितलें होतें. कोशकारांचा एवढा सन्मान राजद्वारीं क्वचितच झाला असेल.

आतां १९३० सालाकडे वळूं. नागपूर तेव्हां मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होतें. समुद्र दूर, वऱ्हाडांत दहीहांडा येथें खाऱ्या पाण्यापासून मीठ काढण्यांत आलें खरें, तथापि या प्रांतांतील खेडुतास नित्य जाचणारा कायदा मिठाचा नव्हता, जंगलाचा होता. १० जुलै १९३० रोजीं बापूजी अणे यांनीं पुसद येथें राखीव जंगलांतील गवत कापून तो मोडला आणि कारावास पत्करला. चळवळ बैतूल, शिवनी अशा आदिवासी मुलखांत पसरली. ९ ऑक्टोबर १९३० रोजीं शिवनी जिल्ह्यांतील तुरिया येथें पोलिसांच्या गोळीबारांत चार माणसें मृत्यु पावलीं. त्यांत तीन स्त्रिया होत्या. त्याच्या दोनच आठवडे आधीं, २५ सप्टेंबर रोजीं, मुंबई इलाख्यांत उरणजवळील चिरनेर येथें अक्कादेवीच्या डोंगरावर गोळीबार होऊन आठ सत्याग्रही पडले.

या घटनांविषयींच्या तत्कालीन सरकारी लेखनाचा सूर एकच आहे : गोंड, कोरकू, आगरी हे लोक भोळे, त्यांस राजकारण ठाऊक नाहीं, काँग्रेसच्या वकिलांनीं व शहरी तरुणांनीं त्यांस भलतीच आशा लाविली. आमचा आक्षेप असा कीं, हा सूर त्याच दप्तराच्या दुसऱ्या बस्त्याशीं जुळत नाहीं. जंगल-गुन्ह्याच्या खटल्यांत हाच गोंड कायदा समजून उमजून मोडणारा आरोपी आहे. त्यास दंड होतो, तुरुंग होतो, आणि ‘मला कायदा ठाऊक नव्हता’ ही सबब चालत नाहीं. चळवळीच्या अहवालांत मात्र तोच अजाण बालक होतो. शिक्षा भोगण्यापुरता सज्ञान आणि मत देण्यापुरता अज्ञान, असा मनुष्य सृष्टींत नाहीं. तो केवळ दप्तरांत आहे. एकाच लेखकाच्या दोन वाक्यांत असा विरोध आला म्हणजे त्यांपैकीं एक तरी वस्तुकथन नव्हे, हें तर्कशास्त्राच्या आरंभींच्या पाठांत शिकवितात.

मग तें वाक्य आहे तरी काय? याचें उत्तर आमच्या मतें पूर्वमीमांसेंत तयार आहे. वेदवाक्यांचा विचार करितांना मीमांसकांनीं विधि आणि अर्थवाद असा भेद केला. अर्थवादांत स्तुति येते तशी निंदाही येते. निंदेविषयीं त्यांचा दंडक असा आहे कीं, निंदा ही निंद्य वस्तूचा दोष सिद्ध करण्यासाठीं नसते. जें विधेय आहे त्याची स्तुति करण्यासाठीं असते. एका कर्माची निंदा वाचून तें कर्म खरोखर तसें वाईट आहे असें ठरवूं नये. त्याच्या जागीं कोणतें कर्म करावयास सांगितलें आहे तें शोधावें. हा दंडक सरकारी कागदांस लावून पाहावा. जेथें जेथें चळवळ करणारांची निंदा येते, तेथें तेथें त्याच कागदांत वा त्याच्या मागच्या-पुढच्या कागदांत एखादें विधेय बसलेलें आढळतें : जंगलाचें उत्पन्न, एखादें धरण, कारखाना, लोहमार्ग. निंदा त्या विधेयाची स्तुति आहे. सबब निंदेवरून माणसें कशीं होतीं हें कळत नाहीं. सरकारास काय करावयाचें होतें, हें मात्र निश्चितपणें कळतें. या दृष्टीनें हे कागद अमूल्य आहेत, आणि ते टाकून द्यावेत असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं.

दुसऱ्या मायन्याची, म्हणजे ‘बाहेरच्यां’ची, परीक्षा करण्यास मुळशीचें प्रकरण सर्वांत सोयीचें. मुळा व नीला या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून मुंबईस वीज पुरविण्याचें काम टाटांच्या कंपनीनें हातीं घेतलें. त्यापायीं मुळशी पेट्यांतील पन्नासच्या आसपास गांवांवर पाणी येणार होतें. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीस, मावळ्यांनीं धरणाच्या कामावर जाऊन तें थांबविलें. सेनापति बापट हे या सत्याग्रहाचे अध्वर्यु. ‘सेनापति’ ही पदवीही त्यांस येथेंच मिळाली. लढा १९२४ पर्यंत चालला आणि धरण झालें. आतां बापट हे मुळशीचे नव्हत, पारनेरचे होते. पुण्याचे पुढारी मावळचे नव्हत. अणे वकील होते व पुसदच्या जंगलांत त्यांचीं गुरें चरत नव्हतीं. तेव्हां ‘बाहेरचे लोक आले’ हें विधान अनेकदां अक्षरशः खरें असतें, हें आम्ही मान्य करितों. परंतु त्यावरून सिद्ध काय होतें? ज्याचें घर बुडणार त्यास अर्ज लिहितां येत नसेल, तर अर्ज लिहिणारा बाहेरूनच येणार. आणि जो न्याय बापटांस तोच कंपनीस लावावयाचा, तर भांडवल मुंबईचें होतें, वीज मुंबईच्या गिरण्यांसाठीं होती, व ज्या कायद्यानें जमीन घेतली तो कायदाही मावळांत झाला नव्हता. मुळशी पेट्यांत आंतला असा एकच होता, तो मावळा. आणि दप्तरांत बोलण्याचा अधिकार काय तो त्यासच नव्हता.

तिसरा मायना सार्वजनिक हिताचा. १८९४ च्या भूसंपादन कायद्यांत ‘सार्वजनिक प्रयोजन’ हे शब्द होते आणि त्याच कायद्याच्या सातव्या भागांत कंपन्यांसाठीं जमीन घेण्याची वाट होती. या दोन गोष्टींतील अंतर मुळशीच्या शेतकऱ्यांनीं बोलून दाखविलें, तेव्हां तें अज्ञान ठरलें. पुढें २०१३ सालीं संसदेनें त्या कायद्याच्या जागीं नवा कायदा केला व खाजगी कंपनीसाठीं भूमि घ्यावयाची तर बाधित कुटुंबांपैकीं ८० टक्क्यांची पूर्वसंमति घातली. मूळ आक्षेप नव्वद वर्षांनीं कायद्याचें कलम झाला. परंतु दप्तरांतील ‘अज्ञान’ हा शेरा कोणीं खोडलेला नाहीं, आणि तो वाचून लिहिणारे अद्याप आहेत.

स्वराज्य आल्यावर ही भाषा गेली असावी, असें कोणास वाटेल. ती गेली नाहीं. इंद्रावतीवरील भोपालपटनम् व गोदावरीवरील इंचमपल्ली या धरणांविरुद्ध १९८४ च्या सुमारास गडचिरोली भागांत ‘जंगल बचाव, मानव बचाव’ ही चळवळ उभी राहिली. तींत बाबा आमटे व लाल श्याम शाह यांच्यासारखे पुढारी होते. तेव्हांपासून आजवर असल्या प्रत्येक प्रसंगीं विकासाचे विरोधक हें विशेषण ठरलेलें आहे. पक्षभेदानेंही त्यांत फरक पडत नाहीं. २०१२ सालीं पंतप्रधान मनमोहन सिंग यांनीं एका विज्ञान-नियतकालिकास मुलाखत देतांना अणुवीज-प्रकल्पांच्या अडचणींचा दोष मुख्यतः अमेरिकेंत मूळ असलेल्या संस्थांकडे दिला. २०१४ च्या जून महिन्यांत केंद्रीय गुप्तवार्ता विभागाचा अहवाल उजेडांत आला. परदेशी द्रव्यावर चालणाऱ्या संस्थांच्या चळवळींमुळें देशाचा विकासदर वर्षास २ ते ३ टक्क्यांनीं घटतो, असा त्यांत हिशेब होता. २३ सप्टेंबर २०२२ रोजीं एकतानगर येथील पर्यावरणमंत्र्यांच्या परिषदेंत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनीं सरदार सरोवराचें काम अडविणाऱ्यांस ‘शहरी नक्षलवादी’ म्हटलें. २०२३ च्या एप्रिल महिन्यांत राजापूर तालुक्यांत बारसूच्या सड्यावर तेलशुद्धि-कारखान्यासाठीं मातीची तपासणी चालू असतां ग्रामस्थ आडवे झाले, तेव्हांही ‘बाहेरचे लोक’ हाच उच्चार राज्यकर्त्यांच्या मुखीं होता. त्या सड्यावर कातळशिल्पें आहेत, हें आपल्या वाचकांस सांगावयास नकोच.

हा दोष केवळ आपल्या देशाचा आहे असेंही नव्हे. फ्रान्स देशांत सेंत-सोलीन येथें शेतीच्या पाण्याच्या प्रचंड साठवण-तलावांविरुद्ध २०२२ च्या ऑक्टोबरांत निदर्शनें झालीं, तेव्हां तेथील गृहमंत्र्यांनीं पर्यावरणाच्या नांवें चाललेला दहशतवाद अशा अर्थाचा शब्द योजिला, व पुढच्या वर्षीं चळवळीची एक संघटना सरकारनें विसर्जित केली. ९ नोव्हेंबर २०२३ रोजीं तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायासनानें तें विसर्जन रद्द केलें. मालमत्तेची नासधूस करण्यास कांहीं चेतावणी दिली गेली हें न्यायासनानें मानलें. परंतु त्यास विसर्जन हा उपाय प्रमाणाबाहेरचा ठरविला. शब्द आणि वस्तु यांचें वजन निरनिराळें करून पाहण्याची ही रीति आपण संशोधकांनींही उचलावी.

आपल्याकडील सर्वांत बोलका कागद मात्र सरकारचाच आहे. ३ मे २००२ रोजीं केंद्रीय वनमंत्रालयानें राज्यांस पत्र लिहून वनभूमीवरील अतिक्रमणें हटविण्यास फर्माविलें. त्या पत्रांत जे ‘अतिक्रमक’ होते, त्यांपैकींच असंख्य लोक २००६ च्या वनहक्क कायद्यांत ‘वननिवासी’ व ‘हक्कदार’ झाले. आणि त्या कायद्याच्या प्रास्ताविकांत त्यांच्यावर ऐतिहासिक अन्याय झाल्याचें सरकारनेंच नमूद केलें. चार वर्षांत माणसें बदललीं नव्हतीं, झोपड्या हलल्या नव्हत्या. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गोंड गांवास २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, व २०११ च्या एप्रिल महिन्यांत बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचें पुस्तक ग्रामसभेच्या हातीं आलें. ज्या बांबूसाठीं पूर्वीं खटले होत, त्याचा परवाना आतां गांवानेंच द्यावयाचा. अतिक्रमक हा शब्द वर्णन असता, तर तो चार वर्षांत खोटा कसा ठरला? वर्णन खोटें ठरण्यास वस्तु बदलावी लागते. मायना बदलण्यास लेखकाची मर्जी पुरते.

येथें कोणी विचारील कीं, आपलें जुनें मराठी दप्तर या दोषापासून मुक्त होतें काय? मुक्त होतें असें आम्ही म्हणणार नाहीं. त्यांतही ‘पुंड’, ‘बंड’, ‘दंगा’ हे शब्द विपुल आहेत आणि घाटांतील कोळ्यांचें म्हणणें काय होतें हें त्यावरून कळत नाहीं. तथापि एक भेद ध्यानांत घेण्यासारखा आहे. रयत जुलमास कंटाळून गांव सोडून परागंदा झाली, म्हणजे तीस परत आणण्यासाठीं कौल दिला जाई. त्या कौलाची भाषा दिलाशाची असे : अमुक वर्षें सूट, अमुक वेठ माफ, सुखरूप येऊन वस्ती करणें. रयत कां गेली याचें कारण सूट कशाची दिली यावरून वाचतां येतें. म्हणजे जुन्या कागदांत लोकांचें गाऱ्हाणें निदान सवलतीच्या रूपानें शिल्लक राहिलें आहे. तसेंच इ. स. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनीं रचलेल्या आज्ञापत्रांत आरमारासाठीं लांकूड तोडण्याचा जो विचार आहे, त्यांत आंबा-फणसासारखीं झाडें रयतेनें लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असल्यामुळें त्यांस हात लावूं नये, धन्यास राजी करून व मोल देऊनच काय तें घ्यावें, असा आशय आहे. तो आशय सर्वत्र पाळला गेला असें नव्हे. परंतु राज्याच्या गरजेच्या कागदांतच झाड लावणाराच्या दुःखाचा हिशेब धरला होता, एवढें त्यावरून निश्चित होतें. अर्वाचीन अहवालांत झाडांची संख्या असते, भरपाईच्या रोपांची संख्या असते; तो हिशेब आढळत नाहीं.

एकांगीपणाचा दोष आमच्यावर येऊं नये म्हणून दुसऱ्या पक्षाच्या कागदांविषयींही लिहिणें प्राप्त आहे. चळवळीच्या पत्रकांचेही मायने असतात. त्यांत प्रत्येक गांव एकदिलाचें असतें, प्रत्येक शिपाई क्रूर असतो, आणि प्रत्येक आंकडा वाढत्या भाजणीचा असतो. चिरनेरच्या कथनांत आठ हुतात्म्यांचा उल्लेख येतो, आणि तो आलाच पाहिजे. पण त्याच दिवशीं मामलेदार जोशी यांचाही मृत्यु झाला, ही गोष्ट जें कथन गाळतें तेंही अपुरेंच होय. आमचें म्हणणें सरकारी कागद खोटे व चळवळीचे खरे, असें नाहीं. दोन्हीं अर्थवादांनीं भरलेले आहेत. परंतु एका पक्षाचे अर्थवाद पुठ्ठ्याच्या पेट्यांत, क्रमांक घालून, पुराभिलेखागारांत सुरक्षित आहेत, आणि दुसऱ्याचे पावसांत भिजून जात आहेत. दोन साक्षींपैकीं एकच उरली, तर पुढील न्यायाधीश कितीही निःपक्षपाती असला तरी निकाल ठरलेला आहे.

म्हणून आमची विनंति संग्राहक वाचकांस आहे. पोथ्या, सनदा व महजर जमविणाऱ्या हातांनीं हे कागदही जमवावेत. ग्रामसभेच्या ठरावांच्या वह्या, तलाठ्याकडे दिलेल्या अर्जांच्या पोंचा, दंडाच्या पावत्या, हस्तपत्रकें, मोर्चाचे फलक, हे सर्व आजचे महजरच आहेत. कारण महजर तरी काय, गोतानें एकत्र येऊन केलेली साक्षच. आमच्या नागपुरांतच अजनीच्या रेल्वे-वसाहतींतील झाडें नव्या स्थानकाच्या योजनेंत जाणार असें दिसतांच, २०२० नंतरच्या एक-दोन वर्षांत नागरिकांनीं त्या जागेस ‘अजनी वन’ हें नांव दिलें. योजनेच्या कागदांत ती बांधकामाची जागा होती. लोकांच्या पत्रकांत ती वन झाली. या नामकरणाचा पुरावा असलेलीं पत्रकें आज किती घरांत शिल्लक असतील, याचा विचार व्हावा. पन्नास वर्षांनीं ‘अजनी वन’ हा शब्द कोठून आला असें कोणी विचारील, तेव्हां त्याचें उत्तर सरकारी नकाशांत सांपडणार नाहीं.

जमविलेल्या कागदांची नोंद कशी करावी हाही प्रश्न लहान नाहीं. एका खाजगी संग्रहाच्या यादींत जंगल-सत्याग्रहाचीं पत्रकें ‘दंगे व किरकोळ गुन्हे’ या सदराखालीं घातलेलीं आमच्या पाहण्यांत आलीं. यादी करणाऱ्यानें वाईट हेतूनें तसें केलें नसावें. सरकारी बस्त्यावरील शीर्षक उतरून घेतलें, इतकेंच. पण त्या एका शीर्षकानें पुढील प्रत्येक वाचकाचा निर्णय आधींच लिहून ठेविला. आमची सूचना अशी : कागदावर ज्यानें जें नांव घातलें असेल तें अवतरणचिन्हांत, कोणीं घातलें त्याच्या नांवासह द्यावें, यादी करणाऱ्याचें स्वतःचें सदर मात्र केवळ क्रिया, स्थळ व तिथि सांगणारें असावें. ‘पुसद, १० जुलै १९३०, राखीव जंगलांत गवत कापणें’ एवढें पुरे. गुन्हा कीं सत्याग्रह, हें कागद वाचून वाचकानें ठरवावें.

मायना आणि मजकूर यांतील भेद ओळखणें ही आपल्या विद्येची पहिली पायरी आहे. ती तीनशें वर्षांपूर्वींच्या पत्रास लावावयाची आणि तीन वर्षांपूर्वींच्या अहवालास लावावयाची नाहीं, असा नियम कोणीं केलेला नाहीं. तुरियाच्या त्या तीन स्त्रियांपैकीं एकीच्याही तोंडचें वाक्य आमच्या वाचनांत आलेलें नाहीं. त्यांच्याविषयींचीं वाक्यें पुष्कळ आलीं. पुढील संशोधकाच्या वांट्यास अशी स्थिति येऊं द्यावयाची कीं नाहीं, हें आज ज्यांच्या माळ्यावर कागद पडले आहेत, त्यांच्या हातीं आहे.